अन्नपूर्णाबाईंचे पाच उंबरे

अन्नपूर्णाबाई कुणाच्या घरी गेल्या की आधी माणसांकडे बघत नाहीत, दाराकडे बघतात. दार कुठल्या बाजूला उघडतं, उघडून कशावर आपटतं, आपटल्याची खूण भिंतीवर किती खोल गेली आहे, हे सगळं चपला काढता काढता त्यांचं पाहून होतं. मग कॉफीचा पहिला घोट घेऊन त्या अगदी गोड आवाजात विचारतात, "फ्रिज उघडायचा मण्जे कोणाला उठावं लागतें?" घरधनी हसतो, पण चेहरा उतरलेला असतो. कारण त्या घरात फ्रिज उघडायला जेवायला बसलेल्या एका माणसाला खरोखरच ताट घेऊन उठावं लागत असतं.

बाईंना खोट काढायची हौस आहे, असं नातेवाईक म्हणतात. खरं विचाराल तर ती हौस नाही, धंद्याची सवय आहे. टी. नगरमध्ये साड्यांच्या मोठमोठ्या दुकानांच्या पाठीमागे एक गल्ली आहे. तिथे तळमजल्यावरच्या भाड्याच्या घरात, पुढच्या खोलीत मशीन मांडून बाई एकतीस वर्षं ब्लाउज शिवत आल्या. पुढच्या रस्त्यावर साडी घ्यायची आणि मागच्या गल्लीत अम्मांकडे, म्हणजे बाईंकडे, ब्लाउज टाकायचा, असा बायकांचा शिरस्ताच पडून गेला होता. लग्नसराईत गिऱ्हाइकं कितीही डोक्यावर बसली तरी बाईंचा एक नियम मोडत नसे. कापड आधी कच्च्या टाक्यानं जोडायचं, बाईच्या अंगात घालायचं, तिला हात वर करायला लावायचे, वाकायला लावायचं, बसायला लावायचं, आणि मगच पक्की शिलाई मारायची. "माप घेतलं की तुम्हीं," असं कुणी कुरकुरलं तर बाई म्हणत, "माप अर्धंच बोलतें. उरलेलं अंग हललं की बोलतें."

ही भाषा ऐकून पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना गंमत वाटते. बाईंचं घराणं मूळचं तंजावरचं. त्यांची मराठी साडेतीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून निघाली आणि पुन्हा माघारी गेलीच नाही. वाटेत तिनं तमिळ शेजाऱ्यांशी सोयरीक केली, आणि आता ती झालं न म्हणता 'जालं' म्हणते, सगळं न म्हणता 'अस्कं' म्हणते आणि कॉफीला 'कापी' म्हणते. बाईंना त्याचं काहीच वाटत नाही. त्यांना वाटतं ते वेडंवाकडं बसणाऱ्या बाहीचं.

त्यांचे यजमान दत्ताजी एग्मोरच्या रेल्वे कचेरीतून आठ वर्षांपूर्वी निवृत्त झाले. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की आजपासून सकाळची आणि दुपारची कापी आपण करणार आणि त्या कामाला कुणी हात लावायचा नाही. ते काम त्यांनी आजतागायत निभावलं. स्वयंपाकघरात गाळणीच्या भांड्यात डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा काढा, उतरवायचं, दूध तापवायचं, पितळी टंबळरात, म्हणजे उभ्या पेल्यात, फेस येईपर्यंत वरून ओतायचं, आणि तो भरला टंबळर उजव्या हातात धरून, मधली खोली ओलांडून, पुढच्या खोलीत मशीनपाशी आणून द्यायचा. आणताना ते "कापी" असं एकदाच म्हणत. बाई मशीन थांबवत. एवढाच त्यांचा दिवसातला संसार, बाकी सगळी कामं.

चार वर्षांपूर्वी दत्ताजींना काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती थेंबांनी राखायची, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तेव्हापासून दिवसातून तीनदा डोळ्यांत थेंब पडतात. कुणी विचारलं, "आता कसें दिसतें?" तर दत्ताजींचं उत्तर ठरलेलं. "कडेचं थोडकं धूसर. बाकी फस्टक्लास." त्या उत्तरावर बाईंनी चार वर्षं विश्वास ठेवला, कारण टंबळर तर रोज वेळेवर येत होता.

मग गेल्या वर्षी घरमालकांनी सांगितलं की ही जागा पाडून इथे फ्लॅट उठणार आहेत. दत्ताजींनी बावीस वर्षांपूर्वी शहरापासून तासाभरावरच्या कोवलमच्या अलीकडे, समुद्राकडे जाणाऱ्या एका फाट्यावर एक प्लॉट घेऊन ठेवला होता. तेव्हा तिथे वाळू आणि सुरूची झाडं यांखेरीज काही नव्हतं, आणि कचेरीतले लोक त्यांना हसले होते. आता त्या फाट्यावर बस थांबते. तिथेच घर बांधायचं ठरलं. नवं घर, स्वतःचं, समुद्राचा वारा! सगळे खूश झाले.

दत्ताजीही खूश होते. पण एका दुपारी टंबळर देऊन तिथेच स्टुलावर टेकताना ते सहज बोलल्यासारखं बोलून गेले. "अगे, ह्या घरांत मीं चालतों. त्या घरांत मज चालवावं लागेल."

बाईंनी मशीन चालू केलं. बॉबिनमधला दोरा संपला होता हे त्यांना बाहीची अख्खी शिवण नुसती टोचून झाल्यावर कळलं. त्या दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं, की नव्या घरात या माणसाला एका पावलासाठीही कुणाचा हात धरावा लागणार नाही. टंबळर तिथेही त्यांच्याच हातून आला पाहिजे. घर कसंही होवो, हे झालं नाही तर सगळं फुकट.

नकाशा काढला कार्तिकेयानं. हा दत्ताजींचा पुतण्या, सिव्हिल इंजिनीअर, तिशीतला, हुशार आणि हौशी. त्यानं हॉल, जेवणाची जागा आणि स्वयंपाकघर मिळून एकच मोठी जागा काढली होती, मध्ये भिंत म्हणून नाही.

"ओपन प्लॅन आहे, काकू. अस्का वारा आरपार. काकांना आपटायला कायच नाही मधें."

बाईंना ते पटलं. त्यांची मुलगी हरिणी कोइंबतूरला असते. तिनं कुठे कुठे विचारून फोनवर एक यादी पाठवली होती, की असं ज्याला कमी दिसतं त्याच्या घरात काय असू नये. सतरंजी नको, टोकदार कोपरे नकोत, पायऱ्या नकोत, उंबरे नकोत. बाईंनी ती यादी कापडावर खुणा करायच्या लाल खडूनं नकाशावर उतरवली. उंबऱ्यापाशी आल्यावर तर त्यांनी खडू असा दाबला की कागद फाटायला आला. एकही उंबरा नको. चालता माणूस अडखळेल, पडेल, आणि अडुसष्टाव्या वर्षी हाड मोडलं की संपलं. फक्त पुढच्या दाराचा उंबरा वाचला, तोही घर बांधणाऱ्या एळुमलै मेस्त्रीमुळे. "अम्मा, उंबरा नसलेलं थोरलं दार मी बसवत नाही," असं तो म्हणाला. "लक्ष्मी आत येईल आणि तशीच मागच्या दारानं निघून जाईल." लक्ष्मीच्या विरोधात कोण बोलणार?

'घर पाहावं बांधून' असं म्हणतात. पण बांधून झाल्यावर पाहण्यात काय हशील, असा बाईंचा सवाल होता. ब्लाउज चुकला तर उसवता येतो. सिमेंट कसं उसवणार?

"कार्तिकेया, हें कागदावर बरं आहे रे. पण मीं फिटिंग बगल्याबिगर शिलाई मारत नाही."

"घराचं फिटिंग कसें बगणार, काकू?"

"घालून."

पोंगल होऊन गेल्यावरच्या रविवारी सगळी मंडळी प्लॉटवर जमली. हरिणी मुद्दाम आली होती. बाईंनी पिशवीभर कोलमाची पांढरी पूड आणली होती, रोज दारात रेखतात तीच. टेपनं माप घेत, नकाशा बघत, त्यांनी अख्खं घर जमिनीवर खऱ्या मापानं रेखलं. एकेक भिंत वीतभर रुंद आणि सरळ. दारांच्या जागी रेघ तोडली. कुठे ओटा, कुठे पलंग, कुठे मशीन, तेही काढलं. मग पदर खोचून म्हणाल्या, "आतां अस्के घरांत राहा. जशी रोजची सकाळ तशी."

पहिली दहा मिनिटं सगळ्यांना हसू आवरेना. हरिणी नसलेल्या पलंगावरून उठली, कार्तिकेय नसलेल्या न्हाणीघरात गेला आणि बाहेर येताना थेट तिच्यावर आदळला, कारण दोन्ही दारं एकाच जागेत उघडत होती. ही पहिली चूक. बाई ओट्यापाशी उभ्या राहिल्या आणि खिडकीतून बघितलं तर समोर शेजाऱ्यांची पाण्याची टाकी. ही दुसरी. पलंगाची चादर घालायला एका बाजूनं जागाच नव्हती, ही तिसरी. कार्तिकेय आधी वाद घालत होता, मग मुकाट्यानं वहीत लिहायला लागला. बाई मनातून फार खूश होत्या. तीन चुका एका पिशवीभर पुडीत निघाल्या होत्या.

"आतां तुम्हीं," बाई दत्ताजींना म्हणाल्या. "स्वयंपाकघरांतून कापी घेऊन या. मीं मशीनपाशी बसतें."

दत्ताजींनी रिकामा टंबळर उजव्या हातात धरला आणि निघाले. चार पावलं नीट आले, मग हळूच डावीकडे वळले, भिंतीच्या रेघेवर चढले, एक पाय शेजाऱ्यांच्या हद्दीत टाकला, आणि तसेच हसतमुखानं उभे राहिले.

"काका भिंतींतून गेले!" कार्तिकेय ओरडला. हरिणी टाळ्या वाजवून हसली. एळुमलै मेस्त्रीसुद्धा हसला. बाईही हसल्या, आणि हसता हसता त्यांची नजर दत्ताजींच्या पायांकडे गेली. उजवा पाय पुढे सरकून जमीन चाचपत होता. पुडीची पांढरी रेघ त्यांच्या टाचेखाली होती, भरावाच्या लाल मातीवर अशी ठसठशीत की रस्त्यावरून दिसावी. दत्ताजी तिच्यावर उभे राहून तिलाच शोधत होते.

बाईंचं हसू जागच्या जागी थांबलं. त्या उठल्या, जाऊन त्यांच्या हातातला टंबळर घेतला आणि म्हणाल्या, "ऊन जालं. पुरे आतां."

परतीच्या बसमध्ये मासळीच्या रिकाम्या टोपल्या घेऊन बायका चढल्या होत्या. दत्ताजी खिडकीशी बसले आणि बाहेर बघत राहिले. ते काय बघत असतील, असा विचार बाईंच्या मनात पहिल्यांदाच आला. त्यांनी विचारलं मात्र नाही. विचारलं असतं तर उत्तर ठरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कापीची वेळ झाली तेव्हा बाईंनी मशीन चालू ठेवलं, पण मान वळवून बघत बसल्या. आठ वर्षांत त्यांनी हे कधी पाहिलं नव्हतं. त्यांना टंबळर दिसत असे, तो आणणारा माणूस येताना दिसत नसे, कारण तेव्हा डोळे सुईवर असत.

दत्ताजी स्वयंपाकघराच्या दाराशी आले. पाऊल सरपटत पुढे आलं आणि उंबऱ्याला लागलं. तिथे ते क्षणभर थांबले. डावा हात आपोआप चौकटीवर गेला. मग पाय वर, पलीकडे, आणि पुढे सहा पावलं, अगदी सरळ, आखल्यासारखी. मधल्या खोलीचा उंबरा पायाला लागला. पुन्हा तसंच, थांबणं, चौकटीला हात. आणि त्या उंबऱ्यावर पाय ठेवूनच ते म्हणाले, "कापी."

आठ वर्षं बाईंना वाटत होतं की 'कापी' हे आपल्याला सांगण्यासाठी आहे. नजर गेल्यापासून तरी ते मोजमाप होतं. त्या उंबऱ्यापासून मशीन चार पावलांवर. बाईंनी मशीन थांबवलं की आवाज थांबे, आणि दत्ताजींना कळे की समोर बाई बसली आहे, हात पुढे करायला हरकत नाही.

उंबऱ्याचं लाकूड मधोमध झिजून गुळगुळीत झालं होतं. तिथे रोज पाय पडत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! दुसऱ्याच्या घरातल्या फ्रिजचं दार ओळखणाऱ्या बाईंना स्वतःच्या घरातला उंबरा कळला नव्हता. आणि नव्या घरातले सगळे उंबरे त्यांनी आपल्या हातानं, लाल खडूनं, खोडून टाकले होते.

त्यांनी टंबळर घेतला आणि बाजूला ठेवला. "बसा. किती दिसतें? खरं सांगा."

"कडेचं थोडकं..."

"नक्को तें."

दत्ताजी स्टुलावर बसले. "टंबळर दिसतो," ते म्हणाले. "धरलेला हात दिसतो. पाय दिसत नाहीत. तुझं तोंड बगायचं मण्जे मान फिरवून शोधावं लागतें. सांपडलं की बरं वाटतें."

अन्नपूर्णाबाईंना रडू आलं आणि रागही आला, आणि रडण्यापेक्षा राग जास्त आला. "चार वर्षं मला फसवलांत!"

"फसवलं कुठे? कापी सांडली का एकदा तरी?"

सांडली नव्हती.

"मग उंबरे खोडले तेव्वां तोंड उघडायचं नाही?"

"तूं एवढं मनापासून खोडलंस की गे," दत्ताजी म्हणाले. "कार्तिकेयही मणाला, मोकळी जागा, आपटायला काय नाही. बरोबरच आहे. पण आपटायला काय नाही मण्जे धरायलाही काय नाही. काल तिथें खोली कुठे सुरू जाली नि कुठे संपली, मज कळेचना."

कापी पार निवली. ती बाईंनी तशीच पिऊन टाकली, आणि मग दोघं बराच वेळ बोलत बसले. त्या दुपारी एक गिऱ्हाईक ब्लाउज न घेता परत गेलं, असं एकतीस वर्षांत पहिल्यांदा घडलं.

दुसरं फिटिंग पुढच्याच रविवारी झालं. ते फाट्यावरच्या लोकांना अजून आठवतं.

पुडीचा आता उपयोग नव्हता, हाताला आणि पायाला लागेल असं घर हवं होतं. बाईंनी घरातल्या जुन्या साड्या काढल्या, शेजारणींच्या मागून आणल्या, आणि तीन गाठोडी घेऊन प्लॉटवर पोचल्या. एळुमलै मेस्त्रीनं परांचीसाठी आणलेले सुरूचे वासे जमिनीत रोवले. वाशांना दोऱ्या, दोऱ्यांवर साड्या. जिथे भिंत तिथे साडी. हिरवी कांचीपुरमी म्हणजे न्हाणीघर, निळी वायलची म्हणजे झोपायची खोली. आणि न्हाणीघर सोडून दाराच्या प्रत्येक जागी, जमिनीवर आडवा, एकेक वासा. उंबरा.

"काकू, कन्सेप्टच बदलतें की हें," कार्तिकेय काकुळतीनं म्हणाला.

"बदलूं दे. अंग बदललं तर माप बदलतें."

हरिणी फोनवर दिसत होती. ती तिकडून ओरडली, "अम्मा, नक्को! अप्पा पडतील! यादींतच होतं तें."

उत्तर दत्ताजींनी दिलं. "हरिणी, यादी बरी आहे. ज्याला घर नवं त्याला. न दिसणारा ठेचाळत नाही गे, न ठाऊक असणारा ठेचाळतो. मज सांगून ठेवा उंबरा कुठे तें, पुरे."

आणि ते चालायला लागले. पहिल्यांदा वासा फार जाड निघाला, पाय अडला. मेस्त्रीनं पातळ फळी टाकली, तर ती चपलेला लागेचना. अखेरीस बाईंनी टेप काढून टी. नगरच्या उंबऱ्याचं लिहून आणलेलं माप वाचलं. दीड इंच, वरची कड गोल. मेस्त्रीनं रंधा मारून तसा तुकडा काढला आणि तो बरोबर बसला. मग दत्ताजीच सांगायला लागले आणि बाकीचे ऐकायला. स्वयंपाकघराचा उंबरा लाकडाचा ठेवा, मागच्या दाराचा दगडाचा, झोपायच्या खोलीचा थोडा रुंद, म्हणजे नुसत्या पायाला कळेल कुठलं दार ते. टंबळर उजव्या हातात असतो, तेव्हा डाव्या हाताला सलग भिंत पाहिजे. कार्तिकेयाच्या मोकळ्या जागेत अशी भिंत आली, आणि तिच्या कडेनं बसायला लांब कट्टा आला. आधी खट्टू झालेला कार्तिकेय तासाभरात असा रंगला की जमिनीवर उकिडवा बसून हे तीन, पुढच्या दाराचा आणि मधल्या खोलीचा, अशा पाचही उंबऱ्यांची चित्रं काढू लागला. कॉलेजात आपल्याला उंबरा कुणी शिकवलाच नाही, असं तो दोनदा म्हणाला.

एवढ्यात फाट्यावर बस थांबली, आणि थांबूनच राहिली. साड्यांचं घर वाऱ्यावर फडफडत होतं. कंडक्टरनं खाली वाकून विचारलं, "कुणाचं लग्न?"

"लग्न नाही," एळुमलै ओरडला, "घर अंगात घालून बघतायत!"

मासळी विकणारी एक बाई टोपली घेऊन बसमधून उतरली. ती साडीच्या भिंतीखालून वाकून आली नाही. वळसा घालून पुढच्या दाराशी गेली, उंबऱ्याचा वासा नीट ओलांडला, आणि आत येऊन म्हणाली, "स्वयंपाकघरात वारा बरा आहे, अम्मा. पण चुलीवर येतोय." ही चौथी चूक. बाईंनी तिला नमस्कार करायचाच बाकी ठेवला. चूल हलवायचं बोलणं चाललं होतं तेवढ्यात जोराचा झोत आला आणि स्वयंपाकघराची अख्खी भिंत, म्हणजे एक अबोली रंगाची नायलॉन साडी, उडून रस्त्यावर गेली. तिच्यामागे इंजिनीअर कार्तिकेय धावला. त्या दिवशी दत्ताजी हसून हसून खोकले.

मग सात महिने बांधकाम चाललं. चौकट बसवायच्या दिवशी रीतीप्रमाणे थोरल्या दाराची पूजा व्हायची असते. बाईंनी पाचही उंबऱ्यांना हळद लावली, पाचांवर कुंकवाचे ठिपके काढले. पुरोहित म्हणाले, एकाचीच पद्धत आहे. बाई म्हणाल्या, "होय की. पण आमच्या घरांत पांचजण काम करणार आहेत." पुरोहितांनी मग पाचांवर अक्षता टाकल्या.

इतकं करूनही चुका राहिल्याच. झोपायच्या खोलीतलं दिव्याचं बटण दार उघडलं की दारामागे जातं. मागची पायरी दोन बोटं कमी पडली. नवीन घरात दोन चुका, म्हणजे बाईंच्या हिशेबानं घर उत्तम बसलं.

आवणी या तमिळ महिन्यात, श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास, सकाळच्या मुहूर्तावर गृहप्रवेश झाला. दूध उतू घालवलं, पूजा झाली, पंचवीस-तीस माणसं नव्या घरातून फिरू लागली. आणि मग गंमत सुरू झाली. पहिली ठेचाळली हरिणी, फोन बघत झोपायच्या खोलीत शिरताना. "अम्मा, मणलं होतं की नाही!" ती पाय धरून म्हणाली. मागोमाग पुरोहित ठेचाळले, हातात नैवेद्याचं ताट होतं, थोडक्यात वाचलं. कार्तिकेय तर आपणच काढलेल्या उंबऱ्याला दोनदा अडला. जो तो खाली बघून चालू लागला, आणि खाली बघून चालताना एकमेकांवर आदळू लागला. सगळ्यांत शेवटी खुद्द अन्नपूर्णाबाई घाईघाईनं स्वयंपाकघरातून निघाल्या आणि लाकडी उंबऱ्यावर त्यांचा अंगठा असा आपटला की डोळ्यांसमोर काजवे चमकले. कुणी पाहिलं नाही ना, अशी त्यांनी आजूबाजूला नजर टाकली आणि लंगडत पुढच्या खोलीत जाऊन मशीनच्या खुर्चीत बसल्या. मशीन आदल्या दिवशीच आलं होतं. मधल्या खोलीच्या उंबऱ्यापासून चार पावलांवर त्यांनी स्वतः टेपनं मोजून मांडलं होतं.

दत्ताजी कुठे दिसत नव्हते. बाईंनी बसल्या जागेवरून मधल्या खोलीकडे पाहिलं. बांधकाम चालू असताना दर रविवारी येऊन ते या घरातून चालले होते, पण रिकाम्या घरात. आज माणसं होती, गडबड होती, हातांत ताटं-तांबे होते. उठून शोधावं का? त्यांनी खुर्चीच्या कडा धरल्या आणि उठल्या नाहीत.

मधल्या खोलीतली माणसं बाजूला सरकताना दिसली. दत्ताजी येत होते. उजव्या हातात भरलेला टंबळर, डावा हात भिंतीवर. त्यांना कुणी वाट करून दिली असेल, तरी कुणी धरलेलं नव्हतं. उंबऱ्यापाशी पाऊल थांबलं, चौकटीला हात लागला, पाय वर आला.

"कापी," दत्ताजी म्हणाले. मशीन बंदच होतं, तरी बाईंनी चाकाला हात लावून ते अर्धा फेरा फिरवलं आणि थांबवलं. चार पावलं. हात पुढे आला. टंबळरावर फेस तसाच होता.

"उंबरा बगून चाला हो अस्के," दत्ताजी मागे वळून सगळ्यांना म्हणाले. "मघापासून ऐकतों, पडतां की काय कोणी."

सगळे हसले. हरिणी हसली आणि मग तिला एकदम रडू फुटलं. ती अप्पांच्या खांद्याला लागून उभी राहिली.

बाईंनी घोट घेतला. साखर नव्हती. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. दत्ताजींनी मान जरा फिरवून त्यांचा चेहरा शोधला, सापडला तेव्हा विचारलं, "कशी जाली?"

"फस्टक्लास," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, आणि कुणाच्याच घरातली चूक कधी न लपवणाऱ्या बाईंनी त्या दिवशी ही एक चूक लपवली. टंबळर तळापर्यंत रिकामा केला. मग उठून, ठणकता अंगठा सांभाळत, उंबरा नीट ओलांडून स्वयंपाकघरात गेल्या. सामान लावताना कुणीतरी साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला होता. तो त्यांनी खाली काढला आणि टी. नगरला होता तसा, डिकॉक्शनच्या भांड्याच्या डाव्या हाताला, टेकवून ठेवला.